साखर वाढायच्या आधी: इन्सुलिन रेझिस्टन्स ओळखा, टाइप २ मधुमेह रोखा

रिपोर्टवर ‘उपाशीपोटी साखर ९४’ असे दिसले की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. शंभरच्या आत आहे, म्हणजे आता वर्षभर चिंता नाही. आकडा खोटा नसतो, पण तो अर्धीच हकीकत सांगतो. साखर ९४ वर ठेवायला शरीराला किती इन्सुलिन लागले, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते. एकाचे काम थोड्याशा इन्सुलिनवर भागते, दुसऱ्याला त्याच कामासाठी तिप्पट लागते, आणि रिपोर्ट मात्र दोघांचाही सारखाच येतो. टाइप २ मधुमेह रोखायचा असेल तर या दुसऱ्या माणसाला वेळेत गाठायला हवे. त्याच्या हातात अजून बरेच काही असते, आणि नेमके तेव्हाच त्याला कोणी काही सांगत नाही.

आधी समजून घ्या: बिघाड कुठे होतो

जेवण पचले की रक्तातली साखर, म्हणजे ग्लुकोज, वाढते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. हे इन्सुलिन प्रामुख्याने तीन ठिकाणी काम करते. स्नायूंना ते ग्लुकोज आत घ्यायला लावते. यकृताला ते सांगते, ‘आता तू साखर बनवू नकोस’, कारण एरवी, विशेषतः रात्री, यकृत स्वतः साखर तयार करून रक्तात सोडत असते. आणि चरबीच्या पेशींना ते साठवलेली चरबी बाहेर सोडण्यापासून थांबवते.

ही तिन्ही ठिकाणे इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशी झाली की त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. बिघाड एकाच वेळी सगळीकडे सारखा होतो असे नाही. काहींचे यकृत आधी ऐकेनासे होते आणि त्यांची सकाळची उपाशीपोटी साखर चढते. काहींचे स्नायू आधी मंदावतात आणि त्यांची जेवणानंतरची साखर जास्त वेळ वर राहते. म्हणून एकाच तपासणीवर विसंबून चालत नाही.

हे का होते? अनुवंश आहे, वय आहे, पण सर्वात मोठा वाटा चुकीच्या जागी साठलेल्या चरबीचा. त्वचेखालच्या चरबीची साठवणक्षमता प्रत्येकाची वेगळी असते. ती भरली की उरलेली चरबी यकृतात, स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांभोवती जाऊन बसते. तिथली चरबी पेशींच्या आत इन्सुलिनचा संदेश पुढे जाऊ देत नाही. यामुळेच दिसायला बारीक असलेल्या माणसालाही इन्सुलिन रेझिस्टन्स असू शकतो, आणि वजनदार माणसाचे सगळे आकडे कधी कधी व्यवस्थित निघतात.

सुरुवातीला बीटा पेशी ही कसर जास्त इन्सुलिन सोडून भरून काढतात. म्हणूनच साखर नॉर्मल दिसते. हे वर्षानुवर्षे चालू शकते. ज्यांच्या बीटा पेशी दमदार, त्यांना आयुष्यभर मधुमेह होतही नाही. ज्यांच्या नाहीत, त्यांचा एक दिवस ताळमेळ सुटतो आणि साखर चढू लागते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासातून असा अंदाज निघाला की मधुमेहाचे निदान होईपर्यंत बीटा पेशींची जवळपास निम्मी क्षमता गेलेली असते. तिथल्याच सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासाचे २००९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आणखी बोलके आहेत: निदानाच्या साधारण पाच वर्षे आधीपासून इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद झपाट्याने घसरू लागतो, पण उपाशीपोटी साखर वेगाने चढते ती शेवटच्या तीन वर्षांत.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटिश डॉक्टर हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवले होते की काही मधुमेही इन्सुलिनला नीट प्रतिसाद देतात आणि काही देत नाहीत. मात्र रक्तातले इन्सुलिन मोजता येऊ लागले ते पुढे रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या अमेरिकी संशोधकांच्या पद्धतीमुळे. तेव्हा कळले की टाइप २ च्या अनेक रुग्णांत इन्सुलिन कमी नसतेच, उलट जास्त असते.

पायरी १: टेप घेऊन पोटाचा घेर मोजा

वजनकाट्याआधी टेप. पँट जिथे बांधतो तिथे मोजू नका, बरेच जण पोटाखाली बांधतात आणि आकडा फसवा येतो. शेवटची बरगडी हाताने चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरा. टेप त्वचेला टेकलेला असावा, रुतलेला नसावा. श्वास सहज बाहेर सोडा आणि त्या क्षणी आकडा वाचा. पोट आत ओढायचे नाही.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दक्षिण आशियाई लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली आहे. युरोपीय पुरुषांसाठी ती ९४ आहे. एवढे लक्षात ठेवायचे नसेल तर घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा ढोबळ नियम पुरतो. उंची १६४ असेल तर घेर ८२ च्या आत हवा.

पायरी २: रक्त तपासा आणि रिपोर्ट नीट वाचा

तीन तपासण्यांचे आकडे माहीत असायलाच हवेत. उपाशीपोटी साखर (किमान ८ तास काही न खाता) १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ प्रीडायबेटिस (मधुमेहाचा उंबरठा), १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना प्रीडायबेटिसची खालची मर्यादा ११० धरते, त्यामुळे दोन डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतात, गोंधळून जाऊ नका. दुसरी तपासणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली: १४० च्या खाली नॉर्मल, १४० ते १९९ प्रीडायबेटिस, २०० पासून पुढे मधुमेह. तिसरी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज: ५.७ टक्क्यांच्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून मधुमेह. लक्षणे नसतील तर एकाच रिपोर्टवर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात.

एचबीए१सीबद्दल एक सावधगिरी. ही तपासणी लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. रक्तक्षय असेल, हिमोग्लोबिनचा अनुवंशिक आजार असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा गर्भारपण असेल, तर आकडा दिशाभूल करू शकतो. अशा वेळी दोन तासांची ग्लुकोज तपासणी जास्त भरवशाची.

आता सुरुवातीच्या त्या ९४ कडे वळू. उपाशीपोटी इन्सुलिनही मोजले, तर होमा-आयआर नावाचा एक अंदाज काढता येतो: साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. साखर ९४ आणि इन्सुलिन ६ असेल तर उत्तर १.४ च्या आसपास येते. साखर तीच ९४, पण इन्सुलिन १८ असेल तर उत्तर ४.२ च्या आसपास. आता दोघे सारखे राहिले नाहीत. मात्र इन्सुलिन मोजण्याची पद्धत प्रयोगशाळेगणिक बदलते आणि होमासाठी सर्वत्र मान्य असा एकच आकडा नाही. त्यामुळे या तपासणीचा आग्रह मी धरणार नाही.

त्यापेक्षा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) पाहा, ती बऱ्याच जणांकडे आधीपासून पडलेलीच असते. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० च्या खाली, स्त्रियांत ५० च्या खाली, ही जोडी दिसली की इन्सुलिन रेझिस्टन्सची शंका घ्यायलाच हवी. लोक एकूण कोलेस्टेरॉलवर बोट ठेवतात आणि नेमकी ही जोडी नजरेतून सुटते. सोबत सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहिले असेल आणि रक्तदाबही चढा असेल, तर ही सगळी वेगवेगळी दुखणी समजू नका. बहुतेक वेळा मूळ एकच असते.

पायरी ३: अंगावरच्या आणि घराण्यातल्या खुणा

मानेच्या मागे, काखेत, जांघेत त्वचा काळसर, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल, तर तो मळ नाही. घासून घासून त्वचा सोलू नका. रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची ती खूण असू शकते. मानेवर बारीक लोंबत्या चामखिळी येणे हीसुद्धा तशीच खूण.

आई-वडील किंवा भावंडांना मधुमेह, पीसीओएस (स्त्रियांमधला संप्रेरकांचा एक विकार), झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे, दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा काही मानसोपचाराची औषधे, यांतले काही असेल तर धोका वाढतो. गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांकडे तर मी विशेष लक्ष वेधेन. बाळंतपणानंतर साखर उतरते, सगळे बाळात गुंततात आणि विषय तिथेच संपतो. पण अशा स्त्रीला पुढे टाइप २ होण्याचा धोका इतरांच्या किमान सातपट असतो. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज तपासणी आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर. घरातल्या कोणीतरी ही तारीख लिहून ठेवावी आणि तिला आठवण करावी.

पायरी ४: स्नायूंना कामाला लावा

इथे सर्वात जास्त वेळ घालवावा, कारण इन्सुलिन रेझिस्टन्सवर इतक्या लवकर उतरणारा दुसरा उपाय नाही.

स्नायूच्या पेशीत ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने असतात. एरवी ती पेशीच्या आत दडलेली असतात. इन्सुलिनचा संदेश मिळाला की ती पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. रेझिस्टन्समध्ये हा संदेश आत पोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावला की हीच प्रथिने इन्सुलिनच्या संदेशाशिवायही पृष्ठभागावर येतात. म्हणजे बिघडलेला मार्ग वगळून साखर आत जाण्याची दुसरी सोय शरीरात मुळातच आहे. व्यायाम संपल्यावरही स्नायू एक-दोन दिवस इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. नंतर तो परिणाम ओसरतो, म्हणूनच सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको.

सुरुवात जेवणानंतरच्या चालण्याने करा. शेवटचा घास संपला की अर्ध्या तासाच्या आत उठा आणि १० ते १५ मिनिटे चाला. साखर रक्तात येत असते त्याच वेळी स्नायू ती उचलत असतात. दिवसातून एकदाच जमत असेल तर सर्वात मोठ्या जेवणानंतर चाला. बैठे काम असेल तर दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे उभे राहून हालचाल करा. सकाळी तासभर व्यायाम करून दिवसभर खुर्चीला खिळून राहणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावे.

आठवड्याला एकूण १५० मिनिटे झपझप चालणे हे पुढचे लक्ष्य. झपझप म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

त्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम घाला. वय वाढते तसे स्नायू कमी होतात आणि ग्लुकोज साठवायची जागाच आक्रसते. जिम लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीच्या काठावर बसा. पावले खांद्यांइतकी रुंद, हात छातीवर. हात न टेकता उभे राहा. मग खाली बसताना मनात तीन मोजत सावकाश बसा, धपकन नको. उतरतानाचा हा संथपणाच मांड्यांना खरे काम देतो. आठ-दहा वेळा करा, मिनिटभर थांबा, पुन्हा करा. जोडीला भिंतीवर हात टेकून दंड आणि टाचा उचलणे. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या. छातीत दुखते, थोडे चालले तरी धाप लागते किंवा चक्कर येते, असे असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

पायरी ५: ताटात काय बदलायचे

पहिला बदल पेयांत. गोड पेये, फळांचे रस, साखर घातलेला चहा-कॉफी. चावावे न लागणारी साखर पटकन शोषली जाते, पोट भरल्याची जाणीव देत नाही, आणि तिच्यातले फ्रुक्टोज मोठ्या प्रमाणात यकृतात जाते, जिथे त्याचा अतिरेक चरबीत बदलतो. बाटलीवरचे लेबल वाचा. १०० मिलिलिटरला १० ग्रॅम साखर लिहिली असेल आणि बाटली ५०० मिलिलिटरची असेल, तर एका बैठकीत ५० ग्रॅम साखर पोटात गेली, म्हणजे बारा चमच्यांहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, आणि ५ टक्के म्हणजे प्रौढांसाठी साधारण २५ ग्रॅम. अख्खे फळ मात्र खुशाल खा, त्यातला चोथा साखरेचा वेग कमी करतो.

दुसरा बदल ताटाच्या मांडणीत. अर्धे ताट पालेभाज्या, फळभाज्या आणि कच्च्या भाज्यांचे, पाव भाग प्रथिनांचा (डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, दुधाचे पदार्थ), उरलेला पाव भाग धान्याचा, आणि तेही शक्यतो कोंड्यासकट. बटाट्यासारखे कंद धान्याच्या वाट्यात मोजायचे, भाजीच्या नाही. बहुतेकांच्या ताटात हे प्रमाण बरोबर उलटे असते. तेच जेवण, पण भाजी आणि प्रथिने आधी खाऊन धान्य शेवटी घेतले, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे छोट्या प्रयोगांत दिसले आहे. फुकटची युक्ती आहे, करून पाहायला हरकत नाही.

रात्रीचे जेवण लवकर आणि हलके ठेवा, कारण संध्याकाळनंतर शरीर तेवढीच साखर हाताळायला जास्त कष्ट घेते. कमी कर्बोदकांचा आहार की ठरावीक तासांचा उपास, यावर वाद खूप झडतात. दोन्हींनी वजन उतरते, पण बहुतेक तुलनांत वर्षभरानंतर फरक फारसा उरत नाही. जो आहार तुम्ही पाच वर्षे पाळू शकाल तो निवडा. साखरेची औषधे किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र विचारल्याशिवाय उपास करू नये, साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

पायरी ६: वजन किती उतरवले म्हणजे पुरे?

लोकांना वाटते तेवढे नाही. अमेरिकेतल्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये प्रीडायबेटिस असलेले ३,२३४ जण होते आणि निष्कर्ष २००२ मध्ये आले. एका गटाला वजन ७ टक्के कमी करणे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल, एवढेच लक्ष्य दिले होते. सुमारे तीन वर्षांत या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती. साठी ओलांडलेल्यांना तर जीवनशैलीचा फायदा सर्वात जास्त झाला. फिनलंडमधल्या अभ्यासातही ५८ टक्क्यांचाच आकडा आला होता. चीनमधल्या दाछिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात सहा वर्षे आहार-व्यायाम पाळलेल्यांना तीस वर्षांनी पाहिले, तेव्हा त्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षे लांबलेला होता आणि हृदयविकारही कमी होते.

म्हणजे ८० किलोच्या माणसाने साडेपाच-सहा किलो. अमेरिकेतल्या त्याच अभ्यासात उतरलेल्या प्रत्येक किलोमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्यामुळे सातचा आकडा गाठला नाही म्हणून तीन किलो वाया गेले असे होत नाही. यकृतातली चरबी लवकर उतरते, म्हणून सुरुवातीचे किलो विशेष मोलाचे. आधीच सडपातळ असाल तर वजनामागे लागू नका, घेर आणि स्नायूंकडे पाहा.

झोप, तंबाखू, औषधे

१९९९ च्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले, तेवढ्यानेच त्यांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता घसरली. सात तासांची झोप ही चैन नाही. मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराची) तपासणी करून घ्या. धूम्रपान करणाऱ्यांना टाइप २ चा धोका इतरांपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त असतो.

मेटफॉर्मिनचा विचार डॉक्टर मुख्यतः तरुण वय, बराच लठ्ठपणा किंवा गर्भारपणातला मधुमेह असेल तेव्हा करतात. ती दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी-१२ तपासत राहावे. कोणाच्या तरी चिठ्ठीवरून ही गोळी स्वतःहून सुरू करू नका. ‘साखर मुळापासून घालवतो’ असे सांगणाऱ्या चूर्णांवर आणि कॅप्सूलवर पैसे खर्च करण्याऐवजी तेच पैसे दर वर्षीच्या तपासणीला ठेवा.

पुन्हा कधी तपासायचे

धोका नसेल तरी वयाच्या ३५ पासून तपासणी सुरू करा. सगळे नॉर्मल असेल तर दर तीन वर्षांनी, प्रीडायबेटिस असेल तर दर वर्षी. घेर मात्र महिन्यातून एकदा, त्याच पद्धतीने, आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. आहार-व्यायाम बदलल्यावर एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही, तो आकडा हलायलाच तेवढा वेळ लागतो. ट्रायग्लिसराइड त्याआधी उतरू लागतात.

खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणे किंवा दृष्टी धूसर होणे, असे काही झाले तर वार्षिक तपासणीची वाट पाहू नका. हे लहान मुलात किंवा सडपातळ माणसात घडत असेल तर तो टाइप १ असू शकतो आणि त्याला इन्सुलिनच लागते, त्याच दिवशी रक्त तपासा. सोबत उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास असेल तर थेट रुग्णालय गाठा.